आवाजाचा पासंग



तराजूत माल टाकण्यापूर्वी दोन्ही पारडी रिकामी धरून काटा मध्यावर येतो की नाही हे पाहावे, ही आपल्या पेढ्यांवरची जुनी रीत. एखादे पारडे झुकत असेल, तर दुसऱ्याला खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून तूट भरून काढीत. या तुकड्याला ‘पासंग’ म्हणतात. पासंग उघड असला तर तोल खरा होतो. तोच लपवून बांधला तर गिऱ्हाइकाला वजन पुरे दिसते आणि माल कमी मिळतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे मापात कमी-जास्त करणे हा एक आहे. व्यापार करणाऱ्या श्रावकाला या अतिचाराची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

आज पासंगाचा विषय निघाला तो मात्र घरातील संगीतामुळे. विठ्ठलवाडीहून एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. कापडाचा व्यवसाय, तीन पिढ्यांचे एकत्र कुटुंब, नुकतेच घेतलेले नवे घर. त्यांच्या वडिलांनी १९८६ साली घेतलेला भारतीय बनावटीचा, दोन्ही बाजूंना ३०-३० वॅटचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर अजून चालतो. सकाळी स्तवने आणि रात्री दुकान वाढवून घरी आल्यावर जुनी गाणी त्यावरच ऐकली जातात. त्यांच्या मुलाने मुंबईतील एका दालनात ऐकून १०० वॅटचा, ८५ हजार रुपये किमतीचा परदेशी ॲम्प्लिफायर पसंत केला आहे. नातू म्हणतो, दोन्हींच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजोबा म्हणतात, मला तो ऐकू येत नाही. पत्रलेखक पुढे लिहितात की, रकमेपेक्षा मोठी चिंता वेगळीच आहे. नातू आजोबांच्या कानांवर आणि आजोबा नातवाच्या व्यवहारबुद्धीवर शंका घेऊ लागले आहेत. या दोघांत खरे कोण, हे कसे ठरवावे?

उत्तराकडे जाण्यापूर्वी ॲम्प्लिफायरचे काम काय, हे थोडक्यात पाहू. फोन किंवा सीडी प्लेअरमधून येणारा विद्युत् संकेत फार क्षीण असतो. त्याने स्पीकरचा पडदा हलत नाही. ॲम्प्लिफायर हा संकेत बळकट करून स्पीकरकडे पाठवतो. संकेताचे रूप मात्र त्याने बदलायचे नसते. मुनीम रोजमेळातील नोंद खतावणीत उतरवतो तेव्हा स्वतःच्या मनाने त्यात भर घालत नाही आणि काही गाळतही नाही. ॲम्प्लिफायरचे कर्तव्य नेमके तेच आहे. त्याने पदरचे जे काही घातले, त्याला ‘विकृती’ म्हणतात आणि ती टक्केवारीत मोजतात. आजच्या बऱ्यापैकी ॲम्प्लिफायरमध्ये, क्षमतेच्या आत चालवल्यास, ही विकृती ०.१ टक्क्याहूनही कमी असते. स्पीकरमध्ये मात्र खर्जाच्या स्वरांत ती १ टक्का किंवा त्याहून अधिक होणे सामान्य आहे. साखळीतील कच्ची कडी कोणती, हे या दोन आकड्यांवरूनच लक्षात यावे.

मग दालनात ऐकू आलेला जमीन-अस्मानाचा फरक आला कोठून? येथेच पासंग शिरतो. ऐकण्याच्या तराजूतला सर्वांत मोठा पासंग म्हणजे आवाजाची पातळी. एक ॲम्प्लिफायर दुसऱ्यापेक्षा फक्त १ डेसिबलने मोठा वाजत असेल, तर बहुतेकांना तो ‘मोठा’ वाटत नाही. तो अधिक स्पष्ट, अधिक भरदार, अधिक जिवंत वाटतो. यामागे कानाची घडण आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज हळू असताना आपल्या कानाला खर्जातले स्वर मधल्या स्वरांच्या तुलनेत फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढेल तशी ही तफावत घटत जाते. म्हणजे पातळी किंचित वाढवली की तबल्याचा डग्गा आपोआप भरून येतो आणि श्रेय मिळते ते नव्या यंत्राला.

कोणी म्हणेल, दोन्ही यंत्रांचे बटण सारखेच फिरवले होते. परंतु बटणावरची खूण म्हणजे माप नव्हे. एका यंत्राचे बटण निम्म्यावर असताना संकेत जितका वाढतो, तितकाच दुसऱ्यातही वाढेल असे नाही. प्रत्येक उत्पादक हे प्रमाण आपापल्या सोयीने ठरवतो. दोन गावांच्या वेगवेगळ्या मापांनी धान्य मोजून भाव ताडण्यासारखाच हा प्रकार झाला. दुकानदाराच्या मनात खोट असतेच असे नाही. पुष्कळदा हा पासंग त्याच्याही लक्षात आलेला नसतो. दुसरा पासंग किमतीचा. ८५ हजारांची चिठ्ठी डोळ्यांसमोर असताना कान तटस्थ राहत नाहीत. तिसरा पासंग स्मरणशक्तीचा. आवाजाचे बारकावे मनात काही सेकंदच ताजे राहतात. घरी काल ऐकलेल्या यंत्राची आज दालनात ऐकलेल्या यंत्राशी तुलना, तीही वेगळ्या स्पीकरवर आणि वेगळ्या खोलीत, ही तुलनाच होत नाही.

हे पासंग काढून टाकल्यावर काय उरते, याच्या दोन परीक्षा प्रसिद्ध आहेत. इंग्लंडच्या क्वाड कंपनीचे ॲम्प्लिफायर जगभर नावाजलेले. १९७८ साली जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञाने या कंपनीच्या तीन यंत्रांची परीक्षा घेतली. पहिले १९५०च्या दशकातले, व्हॉल्व्हवर चालणारे, १५ वॅटचे ‘क्वाड टू’. दुसरे १९६७ साली आलेले, ट्रान्झिस्टरचे ‘३०३’. तिसरे त्या वेळचे नवे, १०० वॅटचे ‘४०५’. तिघांची पातळी समान केली आणि कोणते यंत्र वाजते आहे हे श्रोत्यांना कळू दिले नाही. श्रोते सराईत कानांचे होते. तरीही त्यांची उत्तरे नाणे उडवून मिळणाऱ्या उत्तरांहून वेगळी काढता आली नाहीत. तीन वेगळ्या काळांतली तंत्रे, १५ वॅट आणि १०० वॅट एवढे अंतर. पण प्रत्येक यंत्र आपल्या क्षमतेच्या आत चालत होते, तोवर त्यांना वेगळे ओळखता आले नाही.

दुसरी कथा १९८५ सालची, अमेरिकेतली. बॉब कार्व्हर नावाच्या अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ या मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले की, तुमच्या आवडत्या महागड्या ॲम्प्लिफायरसारखाच आवाज मी माझ्या स्वस्त यंत्रातून काढून दाखवतो. संपादकांनी व्हॉल्व्हचे एक किमती यंत्र पुढे ठेवले. सुरुवातीला दोन्हींत फरक होता. कार्व्हरने मग बँकेतील जुळवणीपत्रक करणाऱ्यासारखे काम केले. दोन्ही यंत्रांना एकच संकेत दिला, एकाच्या संकेतातून दुसऱ्याचा संकेत वजा केला आणि जी शिल्लक उरली तिचे कारण शोधून आपल्या यंत्रात फेरफार केले. असे करत शिल्लक जवळजवळ शून्यावर आणली. त्यानंतर संपादकांना दोन्ही यंत्रे वेगळी ओळखता आली नाहीत. या कथेतून दोन गोष्टी निघतात. ॲम्प्लिफायरमध्ये फरक असू शकतो, ही पहिली. फरक असला तर त्याची नोंद वहीत सापडते, त्याला मोजता येणारे कारण असते, ही दुसरी. रोकड जुळत नसेल तर चूक कुठल्या तरी पानावर असतेच; तसेच हेही.

खरे फरक कोणते, ते आता सांगतो. पहिला खरखरीचा. गाणे बंद ठेवून, आवाजाचे बटण नेहमीच्या जागी असताना स्पीकरजवळ कान नेला आणि ‘स्स्’ असा आवाज किंवा विजेची घुरघुर आली, तर तो दोष खराच. रात्रीच्या शांततेत तो बसल्या जागीही ऐकू येतो. दुसरा क्षमतेचा. यंत्राच्या कुवतीपलीकडे आवाज मागितला की संकेताची शिखरे छाटली जातात आणि स्वर फाटतो. तिसरा स्पीकरशी जुळण्याचा. काही स्पीकर ८ ओमचे असतात, काही ४ ओमचे. ४ ओमचा स्पीकर अधिक प्रवाह मागतो; साधे यंत्र त्याने तापते किंवा बंद पडते. चौथा व्हॉल्व्हच्या यंत्रांचा. त्यांचा अंतर्गत रोध अधिक असल्यामुळे स्पीकरच्या स्वभावानुसार काही स्वर उचलले जातात आणि काही दबतात. हा रंग पुष्कळांना प्रिय असतो, आणि त्यात गैर काही नाही. फक्त ती आवड आहे, शुद्धता नव्हे. पाचवा फरक वयाचा. ३०-४० वर्षांच्या यंत्रातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात, बटणे फिरवताना करकरतात, एक बाजू हळू वाजू लागते. हे दोष मात्र चांगल्या कारागिराकडून दुरुस्त होतात.

आता वॅटचा हिशेब. येथे आपल्या व्यापारी मंडळींनी विशेष लक्ष द्यावे. १९९०च्या दशकात टेप आणि स्पीकरच्या खोक्यांवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे सोनेरी चिठ्ठे झळकू लागले. पीएमपीओ या मापाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. क्षणार्धासाठी कल्पिलेला तो आकडा आहे. सातत्याने मिळणारी शक्ती आरएमएस या मापाने सांगतात, आणि विचारायचे ते तेच. अमेरिकेत हा आकड्यांचा खेळ इतका वाढला की, तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियमच केला: घरगुती ॲम्प्लिफायरची शक्ती जाहीर करताना ती सातत्याने मिळणारी असावी आणि किती ओमवर, किती विकृतीसह मिळते तेही सांगावे. चिठ्ठा खरा की खोटा, हे आपल्याला घरबसल्या ओळखता येते. यंत्राच्या पाठीमागे ते विजेच्या तारेतून किती वॅट घेते, हे लिहिलेले असते. आवक ५० वॅट असताना सातत्याची जावक १००० वॅट असूच शकत नाही. असा ताळेबंद कोणीही हिशेबनीस मान्य करणार नाही. त्यातही जुन्या पद्धतीच्या एबी वर्गाच्या यंत्रात आलेल्या विजेतला मोठा हिस्सा उष्णतेत जातो. नव्या डी वर्गाच्या यंत्रात पूर्ण शक्तीवर ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत वीज कामी येते. म्हणूनच डी वर्गाची यंत्रे लहान, हलकी आणि थंड असतात. लहान दिसते म्हणून ते कमी प्रतीचे, असे समजू नये.

घराला मुळात किती वॅट लागतात? सामान्य घरगुती स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर सुमारे ८६-८७ डेसिबल आवाज देतो. बैठकीच्या खोलीत आठ-नऊ फुटांवर बसून, दोन स्पीकर धरले तर हा आवाज ८० डेसिबलच्या आसपास येतो. निवांत ऐकण्याची पातळी ६५ ते ७५ डेसिबलची. म्हणजे आपण बहुतेक वेळ अर्ध्या वॅटच्याही आतच ऐकत असतो. संगीतात मधूनच उसळणाऱ्या शिखरांसाठी याच्या तीस-चाळीस पट राखीव निधी ठेवला, तरी २० ते ३० वॅट पुरतात. शिवाय वॅट आणि कान यांचे नाते सरळ बेरजेचे नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. तो कानाला दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. ३० वॅटवरून १०० वॅटवर गेल्याने मिळतात ते सुमारे ५ डेसिबल, आणि तेही बटण शेवटापर्यंत फिरवले तरच. शेजारधर्माचाही विचार हवा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. भिंतीला भिंत लागलेल्या इमारतींत १०० वॅट पूर्ण वाजवण्याची वेळ कधी येणार आणि ती का यावी, हा विचार आधी करावा.

विठ्ठलवाडीच्या घरांचा विचार केला, तर आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्याही याच मार्गाने धावतात. रुळांलगतच्या इमारतींत गाडी जाताना जो गडगडाट घरात शिरतो, त्यापुढे दोन चांगल्या ॲम्प्लिफायरमधला ०.०५ आणि ०.००५ टक्क्यांचा फरक पासंगालाही पुरत नाही. खोलीचा स्वभाव त्याहून महत्त्वाचा. १२ फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर घुमतो. त्यामुळे कोपऱ्यात बसणाऱ्याला खर्ज डोईजड होतो आणि मध्यभागी बसणाऱ्याला तो हरवल्यासारखा वाटतो. स्पीकर किंवा बैठक फूट-दीड फूट सरकवली, तरी हे चित्र बदलते. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि मोठी काच असलेल्या नव्या घरात शब्द आदळून परत येतात आणि स्तवनाचे बोल पुसट होतात. जाड पडदे, गालिचा, गाद्या-लोड असलेली भारतीय बैठक, पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी तो त्रास पुष्कळ कमी होतो. फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेले उल्हासनगर तर विठ्ठलवाडीला लागूनच आहे. ८५ हजारांतला छोटासा हिस्सा तेथे खर्च केला, तर आवाजात पडणारा फरक घरातल्या लहानथोरांना सारखाच ऐकू येईल.

एवढे सांगूनही मी नातवाला ‘तुला भास झाला’ असे म्हणणार नाही. आपल्या अनेकान्त-दृष्टीला ते शोभणार नाही. परंतु अनेकान्ताचा अर्थ ‘तूही बरोबर, तोही बरोबर’ एवढाच करून विषय मिटवणे, हेही त्या सिद्धान्ताला अन्यायकारक आहे. ‘स्यात्’ हे पद विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे ते सांगण्याची जबाबदारी आपल्यावर टाकते. नातवाला फरक ऐकू आला, हे खरे. पण त्या दालनातील स्पीकरवर, त्या खोलीत, त्या पातळीवर. आजोबांना तो ऐकू आला नाही, हेही खरे. पण वय वाढते तसे सर्वांत वरचे, झांजेच्या किणकिणीसारखे स्वर ऐकू येणे कमी होते, ही अपेक्षा त्यात धरली पाहिजे. यंत्राचे मोजमाप हा एक नय आणि कानाचा अनुभव हा दुसरा. आपल्याच नयाला पूर्ण सत्य मानून दुसऱ्याचा निषेध केला की तो दुर्नय होतो. दोघांना एका पातळीवर आणणारी परीक्षा घेणे, हाच यातला मार्ग.

ही परीक्षा घरी करता येते. आवडलेला ॲम्प्लिफायर दुकानदाराकडून दोन दिवसांसाठी मागून घ्यावा. ८५ हजारांचे गिऱ्हाईक असेल तर समजूतदार व्यापारी नाही म्हणणार नाही. दोन्ही यंत्रांना एकाच ठिकाणाहून गाणे द्यावे आणि एकाच जोडीच्या स्पीकरवर आलटून-पालटून ऐकावे. त्यासाठी स्पीकरच्या दोन्ही तारा एकदम बदलणारी स्विचपेटी लागते. दोन ॲम्प्लिफायरचे आउटपुट एकाच वेळी एका स्पीकरला कधीही जोडू नये, यंत्रे जळतात. पेटी जोडण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. त्यानंतर बास आणि ट्रेबलची बटणे मध्यावर आणावी. जुन्या यंत्रावर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असते, ते बंद ठेवावे, कारण तो उघड-उघड पासंगच आहे.

पातळी समान करायची ती कानाने नव्हे, मीटरने. फोनवरून १०० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टोकांशी धरावा आणि दोन्ही यंत्रांवर आकडा २.०० व्होल्ट येईल असे बटण लावावे. एकावर २.०० आणि दुसऱ्यावर २.०२ आला तरी चालेल. तो फरक ०.१ डेसिबलच्या आत आहे. ८ ओमच्या स्पीकरवर २ व्होल्ट म्हणजे अर्धा वॅट, अर्थात मघाशी सांगितलेल्या घरगुती वापराच्याच टप्प्यातला.

आता ऐकणाऱ्याने पाठ करून बसावे. यंत्रे पडद्याआड ठेवावीत. दुसऱ्या व्यक्तीने नाणे उडवावे: छापा आला तर जुने यंत्र, काटा आला तर नवे. खोली सोडून जावे लागले तरी चालेल, पण चेहऱ्यावरून किंवा बोलण्यातून काही कळू देऊ नये. ऐकणाऱ्याने आपले उत्तर कागदावर लिहावे. अशा १६ फेऱ्या कराव्यात. निव्वळ अंदाजाने १६ पैकी सरासरी ८ उत्तरे बरोबर येतात. १२ किंवा अधिक उत्तरे केवळ दैवाने बरोबर येण्याची शक्यता १०० त ४ हून कमी आहे. म्हणून १२ ही उत्तीर्णतेची रेषा धरावी. आजोबा आणि नातू यांनी ही परीक्षा वेगवेगळी द्यावी.

परीक्षेसाठी गाणे कोणते घ्यावे, यालाही महत्त्व आहे. ढोल-ताशांच्या गदारोळात दोष लपतात. एकट्या मानवी आवाजात ते उघडे पडतात. या बाबतीत आपला समाज भाग्यवान आहे. अनेक संघांत आजही साधु-साध्वीजी व्याख्यानात ध्वनिवर्धक वापरत नाहीत. उपाश्रयात बसून आपण विजेच्या तारेतून न गेलेला मानवी आवाज तासन्‌तास ऐकत आलो आहोत. ‘स’ आणि ‘श’ मधला भेद, ओळीच्या शेवटी घेतलेला श्वास, घोगऱ्या गळ्याची खर, हे सर्व आपल्या कानांना ठाऊक आहे. फक्त तानपुऱ्याच्या साथीचे एखादे स्तवन घेऊन, त्यातला गळा त्या आठवणीच्या जवळ जातो का, हे पाहावे. वॅटच्या चिठ्ठ्यापेक्षा ही कसोटी अधिक विश्वासाची आहे.

आता पत्रलेखकांना थेट उत्तर. प्रथम जुने यंत्र एखाद्या चांगल्या कारागिराला दाखवून त्याचे कपॅसिटर तपासून घ्यावेत. १९७० आणि ८०च्या दशकांत सोनोडाईन, कॉस्मिक अशा देशी कंपन्यांनी बांधलेली यंत्रे उघडून दुरुस्त करता येण्याजोगी असत. कुटुंबाचे यंत्र त्याच काळातले असल्याने त्याला ही संधी द्यावी. दुरुस्तीनंतरच परीक्षा घ्यावी. आजारी गड्याला आखाड्यात उतरवून निकाल लावणे न्यायाचे नाही. नातू १२ ची रेषा ओलांडू शकला, तर त्याला ऐकू येणारा फरक खरा आहे, आणि आजोबांनी तो मोकळ्या मनाने मान्य करावा. मग प्रश्न एवढाच उरेल की, त्या फरकाला ८५ हजारांचे मोल द्यावे का. आणि तो परिग्रह-परिमाणाचा प्रश्न आहे, ज्याचे उत्तर प्रत्येक कुटुंब आपल्या व्रतानुसार देते. रेषा ओलांडता आली नाही, तर ती रक्कम स्पीकर, पडदे आणि गालिचा यांकडे वळवावी, आणि त्यातून उरेल ती शिल्लक टाकावी. स्पीकर निवडण्याचे काम मात्र नातवाकडेच द्यावे. त्याचे कान तरुण आहेत आणि त्याला आवाजाची ओढ आहे, हे घराचे भांडवलच आहे.

नाणे उडवण्याचे आणि स्विच फिरवण्याचे काम आजींकडे सोपवावे. पत्रावरून दिसते की, या वादात अद्याप कोणतीही बाजू न घेतलेल्या घरात त्या एकट्याच आहेत.